पदार्पणाचा मोसम : प्रो कबड्डीतील सर्वोत्तम नवोदितांचा लेखाजोखा

चेन्नई – येथील जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये ७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या मोसमाला प्रारंभ झाला. त्या दिवशी प्रेक्षक मुख्यतः यजमान तमिळ थलायवाज आणि गतविजेत्या पाटणा पायरेट्सचा सामना पाहण्यासाठी आले होते. त्यानंतर यू मुम्बा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन संघ मैदानात उतरले. हा सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. निकालापेक्षा लक्षात राहिला तो मुंबईच्या बाजूने चढाया करणारा, तोवर दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना सर्वस्वी अपरिचित असलेला एक उंच, भरदार खेळाडू. पहिल्याच सामन्यात त्याने चढाईतील दहा गुणांचा टप्पा ओलांडला. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील या खेळाडूचे नाव सिद्धार्थ देसाई. तीन महिन्यांनंतर तो मोसमातील सर्वोत्तम पदार्पणवीर ठरला.

प्रो कबड्डीला २६ जुलै २०१४ रोजी आरंभ झाला. त्या पहिल्या मोसमात सारेच नवोदित असल्याने ‘सर्वोत्तम पदार्पण’ या शब्दाला अर्थ नव्हता. अनुप कुमारसारखे खेळाडू राष्ट्रीय संघातून नावारूपाला आले होते आणि ते नव्याने सामोरे जात होते ते केवळ कॅमेऱ्याला. २०१७ मध्ये संघांची संख्या आठवरून बारा झाली. चेन्नईचा तमिळ थलायवाज, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि गुजरात असे चार संघ एकाच वेळी वाढल्याने पन्नासहून अधिक जागा रिकाम्या झाल्या आणि नव्या मुलांची खरी भरती तेव्हा सुरू झाली. गुजरातने चढाईची धुरा सचिन तंवर या तरुणावर सोपवली. पदार्पणातच त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी तो अंतिम सामनाही चेन्नईतच झाला आणि पाटण्याने गुजरातला ५५-३८ असे हरवले. सात वर्षांनी, २०२४ च्या लिलावात, याच सचिनसाठी तमिळ थलायवाजने २ कोटी १५ लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ती सर्वाधिक बोली होती.

नवोदित चढाईपटूचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी जाणकारांत एकमत नाही. गुणांची बेरीज हा सोपा मार्ग. त्या हिशोबाने सिद्धार्थचा २०१८ चा मोसम थक्क करणारा होता. त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे दहाहून किंचित अधिक. फजल अत्राचलीच्या नेतृत्वाखालील मुंबईचा बचाव त्या वर्षी भक्कम होता. त्यामुळे सिद्धार्थ बाद होऊन बाकावर बसला तरी संघ कोसळत नसे आणि तो लवकर परतत असे. नवोदिताच्या गुणसंख्येमागे असा अदृश्य आधार पुष्कळदा असतो. गुणतक्ता तो दाखवीत नाही. मुंबईचा प्रवास मात्र बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर थांबला. कोचीत उत्तर प्रदेशच्या संघाने त्यांना ३४-२९ असे नमवले.

सिद्धार्थच्या खेळाचे वेगळेपण त्याच्या ताकदीत होते. बहुतेक चढाईपटू निदान रेषेच्या आसपास थांबून बचावपटूची चूक हेरतात. सिद्धार्थ थेट आत शिरे, पकड होऊ देई आणि दोन-तीन बचावपटूंना ओढत मध्यरेषेकडे झेपावे. समालोचकांनी त्याला ‘बाहुबली’ हे नाव दिले ते याचमुळे. या शैलीची किंमत शरीराला मोजावी लागते. साखळीने पकडलेल्या देहाचा सारा भार अखेरच्या क्षणी पुढे ताणलेल्या हातावर आणि पर्यायाने खांद्यावर येतो.

येथे चढाईचे गणित थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. चढाईला ३० सेकंद मिळतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद. अनेक प्रशिक्षक नवोदिताला आधी या तिसऱ्या चढाईसाठीच पाठवतात. बाद झाला तरी मुख्य चढाईपटू शाबूत राहतो, हा त्यामागचा रोकडा विचार. दूरचित्रवाणीवर ज्याला ‘दडपणाखाली संधी’ म्हटले जाते, ती अनेकदा संघाने पत्करलेली स्वस्तातली जोखीम असते.

जपानमध्ये १९९७ पासून सुरू असलेल्या ‘सासुके’ आणि तिच्या धर्तीवर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘अमेरिकन निंजा वॉरियर’ या दूरचित्रवाणीवरील अडथळ्यांच्या स्पर्धांतही नवोदितांचे मोठे कौतुक होते. २०१४ मध्ये मेगन मार्टिन ही तेथील वक्राकार भिंत चढून जाणारी पहिली नवोदित महिला ठरली. २०२१ मध्ये किमान वय १५ वर आणताच केडन लेबसॅक हा पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्याच प्रयत्नात अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचला. तेथील अडथळा मात्र जागचा हलत नाही आणि समोर कोण आहे याची त्याला फिकीर नसते. कबड्डीतले सातही अडथळे चढाईपटूचा अभ्यास करून आलेले असतात. नवोदिताला पहिल्या काही आठवड्यांत मिळणारा लाभ यातूनच येतो, कारण त्याच्या चित्रफिती कोणाकडे नसतात. तो डावीकडे वळतो की उजवीकडे, हात आधी टाकतो की पाय, हे कोपरारक्षकांना ठाऊक नसते. मोसमाच्या उत्तरार्धात हा लाभ आटू लागतो आणि दुसऱ्या वर्षी उरतच नाही.

सिद्धार्थ या कसोटीला उतरला, हे नमूद करायला हवे. यू मुम्बाने त्याला ३६.४ लाख रुपयांत घेतले होते. पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांची बोली लावली आणि २०१९ च्या लिलावातील तो सर्वांत महागडा खेळाडू ठरला. त्याचा भाऊ सूरज देसाई हाही त्याच संघात आला. त्या मोसमातही सिद्धार्थने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. बचावपटूंनी त्याला ओळखले, तरी रोखू शकले नाहीत. त्याला रोखले ते खांद्याने. करोनामुळे लांबलेल्या आठव्या मोसमात मोजक्याच सामन्यांनंतर दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले आणि नंतरच्या लिलावात त्याची किंमत पार खाली आली. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी मोजून त्याला संघात घेतले. त्या मोसमात हरियाणा अंतिम फेरीत पोहोचला, पण १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने २८-२५ अशी बाजी मारली.

सहाव्या मोसमाचा निवाडा आज पुन्हा करायचा झाल्यास पारडे कदाचित दुसरीकडे झुकेल. दबंग दिल्लीचा नवीन कुमार त्याच वर्षी प्रथम खेळला. त्याचे गुण होते १७२, सिद्धार्थपेक्षा बरेच कमी. देहयष्टी सडपातळ, खेळ पायांच्या चपळाईवर. पुढील वर्षी त्याने ३०० हून अधिक गुण मिळवले, दिल्लीला अंतिम फेरीत नेले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. दोन मोसमांत मिळून सलग २८ सामन्यांत त्याने चढाईचे दहा वा अधिक गुण घेतले. गुडघ्याची दुखापत त्यालाही चुकली नाही, पण दिल्लीच्या नावावर २०२२ चे विजेतेपद लागले.

ज्यांना कोणीच उत्तम नवोदित म्हटले नाही, त्यांचीही नोंद घ्यावी लागते. परदीप नरवाल २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सकडून मोजकेच सामने खेळला आणि कोणाच्या नजरेत भरला नाही. २०१७ मध्ये पाटण्यासाठी त्याने एकाच मोसमात ३६९ गुणांचा विक्रम केला. पवन सेहरावतची २०१६ ची सुरुवात साधारण होती. पुढे गुजरात संघात त्याला क्वचितच संधी मिळे. बंगळुरूकडे परतल्यावर सहाव्या मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मुंबईतील अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण घेऊन गेला.

पवनची कहाणी चेन्नईशी एका वेगळ्या वळणावर जोडली जाते. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाख रुपये, म्हणजे त्यावेळचा उच्चांक, मोजून त्याला संघात आणले. गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा मोसम तेथेच संपला. चार मोसमांत एकदाही बाद फेरी न गाठलेल्या संघाची सारी गुंतवणूक बाकावर बसली होती. हरियाणाचा नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू त्या रिकाम्या जागी उभा राहिला. पवन तंदुरुस्त असता, तर नरेंदरच्या वाट्याला तिसरी चढाई आणि शेवटची पाच मिनिटे एवढेच आले असते. प्रत्यक्षात त्याने २३ सामन्यांत २४३ गुण मिळवले आणि सिद्धार्थचा पदार्पणातील विक्रम मागे टाकला. सामन्यामागची सरासरी पाहिली तर दोघांत फारसे अंतर नाही. नरेंदर दोन सामने अधिक खेळला. सोबतीला महाराष्ट्राचा अजिंक्य पवार होता. थलायवाजने उत्तर प्रदेशला ३६-३६ अशा बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये हरवून प्रथमच उपांत्य फेरी गाठली आणि तेथे पुणेरी पलटणकडून ३९-३७ असा निसटता पराभव पत्करला. नरेंदरला पुढे पुन्हा २४३ पर्यंत पोहोचता आलेले नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्यानंतरचा प्रत्येक कोपरारक्षक त्याच्या चढाया पाहून मैदानात उतरला आहे.

बचावपटूंवर या साऱ्या हिशोबात अन्याय होतो. नवोदितांचा सन्मान बहुधा चढाईपटूंकडे गेला आहे. दहाव्या मोसमातील दिल्लीचा योगेश दहिया हा ठळक अपवाद. पुरस्काराचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी ‘पदार्पणवीर’ निवडला जाई, नंतर तो ‘नवा युवा खेळाडू’ झाला. आठव्या मोसमात बंगळुरूच्या प्रेक्षकविरहित सभागृहात इराणचा मोहम्मदरेझा शादलू प्रथमच खेळला आणि पकडीचे ८९ गुण मिळवून थेट सर्वोत्तम बचावपटू ठरला. युवा खेळाडूचा मान मात्र पुण्याच्या मोहित गोयतला मिळाला. पुढच्या वर्षी जयपूरचा अंकुश पदार्पणातच पकडीच्या गुणांत सर्वांच्या पुढे होता आणि युवा पुरस्कार गेला नरेंदरकडे. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूला साखळीतील जोडीदाराच्या हालचालीशी जुळवून घ्यावे लागते, आणि ते एका मोसमात साधणे चढाईपेक्षा कठीण आहे, असे या लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने शादलू आणि अंकुश यांचे पदार्पण २१८ आणि २४३ या आकड्यांच्या बरोबरीने मोजायला हवे.

मोहितबरोबरच त्या रिकाम्या सभागृहात पुण्याकडून पहिले पाऊल टाकणारा दुसरा तरुण अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार. त्या वर्षी मथळे मोहितचे होते. दोनच मोसमांनंतर पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार अस्लम होता आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच.

महिलांच्या बाबतीत ही यादी कोरी आहे. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी स्पर्धा पुरुषांच्या लीगसोबत दाखवण्यात आली होती, पण ती प्रो कबड्डीचा कायमचा भाग झाली नाही. दरम्यान, चेन्नईच्या दक्षिणेला शहरातील विस्थापित कुटुंबांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या कन्नगी नगर वसाहतीतील कार्तिका ऑक्टोबर २०२५ मध्ये बहारीन येथील आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. तमिळनाडू सरकारने तिला २५ लाख रुपयांचे पारितोषिक दिले. सिद्धार्थ ज्या स्टेडियममध्ये प्रथम गाजला, ते तिच्या वसाहतीपासून याच शहरात काही किलोमीटरवर आहे.