मधुजलाचा फेस आणि रसायनज्ञाचा तराजू

मधात पाणी मिसळून ठेवले असता काही दिवसांत त्यावर फेस येतो, भांड्यास कान लावल्यास बारीक सळसळ ऐकू येते, आणि काही आठवड्यांनी द्रव निवळून तळाशी फिकट गाळ बसतो. मीड या मद्याची ही लक्षणे युरोपातील घरगुती मद्यकारांस फार पूर्वीपासून परिचित होती. (‘मीड’ हा शब्द आणि संस्कृत ‘मधु’ यांचे मूळ एकच, मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मधु’ ही संज्ञा द्राक्षरसाच्या मद्यास दिली आहे, हे विसरून चालत नाही.) यांपैकी कोणते लक्षण मुख्य आणि कोणते गौण, याविषयीच्या मतभेदातच किण्वनविषयक ज्ञानाचा पुढील इतिहास बराचसा सामावलेला आहे.

सर केनेल्म डिग्बी हा लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आद्य सदस्यांपैकी एक. त्याच्या मृत्यूनंतर, १६६९ मध्ये, त्याने जमविलेल्या पाककृतींचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा प्रारंभीचा फार मोठा भाग मीड व तत्सम पेयांनी व्यापलेला आहे. मधुजल पुरेसे दाट झाले की नाही, हे त्यात अंडे सोडून पाहावयाचे. अंड्याचा नाण्याएवढा भाग पृष्ठावर दिसला म्हणजे प्रमाण साधले. अंडे ताजे हवे, असाही निर्देश आढळतो. शिळ्या अंड्यातील हवेची पोकळी वाढते व ते पातळ द्रवातही तरंगते. अर्थात साधन ओबडधोबड असले तरी त्यातील दोष वापरणाऱ्यास अनुभवाने ठाऊक होता. काही कृतींत मधुजल आपोआप ‘चढू’ द्यावयाचे असते, तर काहींत बिअरवरील फेस त्यात घालावयाचा असतो. एका पिंपातील फेस दुसऱ्या पिंपात कार्य सुरू करतो, ही गोष्ट येथे सिद्धांत म्हणून नव्हे, तर नित्याची तजवीज म्हणून येते.

१६८० मध्ये लेव्हेनहूकने बिअरमधील गोलक सूक्ष्मदर्शकातून पाहिले व तसे रॉयल सोसायटीस कळविले. परंतु ते धान्याच्या पिठातून आले असावेत, असे त्यास वाटले. ते सजीव असल्याची कल्पना त्याने केली नाही.

यानंतरचा निर्णायक प्रयत्न लाव्हाझिएचा. १७८९ च्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात त्याने किण्वनाचा जमाखर्च मांडला: १०० पौंड साखर, ४०० पौंड पाणी व १० पौंड ओले किण्व, एकूण ५१०, आणि अखेरीस मद्यार्क, कार्बनी वायू व इतर अवशेष मिळून पुन्हा ५१०. साखरेच्या घटकांविषयीचे त्याचे आकडे चुकीचे होते आणि चुकांनी चुका झाकल्या गेल्या. तथापि क्रियेपूर्वीचे व नंतरचे द्रव्यमान समान धरण्याचे तत्त्व त्यामुळे डळमळले नाही. लक्षात घेण्याजोगी नोंद मात्र वेगळीच आहे. आरंभीचे कोरडे किण्व सुमारे पावणेतीन पौंड; अखेरीस उरले ते त्याच्या निम्मे.

घरगुती मद्यकारास हा निष्कर्ष विपरीत वाटला असता. बिअरच्या पिंपात घातलेल्यापेक्षा कितीतरी अधिक फेस व गाळ निघतो. विसंगतीचे कारण प्रयोगद्रव्याच्या निवडीत होते. धान्याच्या काढ्यात किण्वाच्या वाढीस लागणारा नायट्रोजन असतो; शुद्ध साखरेत तो नसतोच. मध या दोहोंच्या मध्ये, पण साखरेच्याच बाजूस पडतो आणि म्हणूनच मीड सावकाश चढते. हिशेब स्वच्छ राहावा म्हणून रसायनज्ञाने साखर निवडली, आणि त्या स्वच्छतेपायी वाढच दृष्टीआड झाली. किण्व हे वापरले जाणारे, झिजणारे द्रव्य होय, अशी समजूत त्यातून बळावली. तराजू खोटा नव्हता. त्यास विचारलेला प्रश्न अपुरा होता.

१८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान व क्यूट्झिंग या तिघांनी परस्परांवर विसंबून न राहता किण्व सजीव असल्याचे प्रतिपादन केले. कान्यारने गोलकांस अंकुर फुटताना पाहिले होते. १८३९ मध्ये लीबिगच्या नियतकालिकात त्यांची निनावी टर उडविणारा मजकूर छापला गेला. तो लीबिग व व्होलर यांचा. विनोद बरा आहे, युक्तिवाद मात्र नाही. लीबिगच्या मते किण्व विघटन पावत असताना त्याची चळवळ साखरेत संक्रमित होते. आणि किण्वाच्या वजनातील घट हा त्याचा भक्कम आधार होता.

म्हणून पाश्चरने १८६० च्या प्रबंधात सूक्ष्मदर्शकाबरोबर तराजूही हाती घेतला. साखर, अमोनियाचा क्षार व किण्वाची राख यांच्या द्रावणात त्याने टाचणीच्या टोकाइतके किण्व सोडले. ते वाढले आणि साखरेचे किण्वन झाले. शुद्ध साखरेच्या प्रयोगांतही त्याने केवळ गाळ तोलला नाही. किण्वातून द्रवात उतरलेले द्रव्यही हिशेबात धरले. तेव्हा घट नाहीशी होऊन किंचित वाढ दिसली. साखरेचा सुमारे १ टक्का अंश किण्वाच्या देहात जमा झाला होता.