वसईचा कोट : दगडांचा आणि माणसांचा

वसईच्या कोटात एखाद्या सायंकाळी निवांत फिरावे. छप्पर हरवलेल्या चर्चच्या भिंती आकाशाकडे पाहत उभ्या असतात. थोडे पुढे नागेश्वराचे देऊळ लागते. चिमाजी आप्पांचा पुतळा वसईच्या विजयाची आठवण देत असतो. आवार एकच, परंतु तेथे येणारा प्रत्येक जण निराळ्याच जागी येत असतो. कुणी तीर्थास येतो, कुणी रणभूमीवर, तर कुणी केवळ पडक्या भिंतींची शोभा पाहावयास.

मानवी भूगोलात या अनुभवाचा विचार झालेला आहे. यी-फू तुआन या भूगोलशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘स्पेस अँड प्लेस’ हा ग्रंथ लिहिला. माणूस एखाद्या मोकळ्या अवकाशात राहतो, राबतो, आठवणी साठवतो, तेव्हाच त्या अवकाशाचे ‘स्थान’ होते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जागेचा अर्थ मातीत नसतो, माणसांच्या जगण्यात असतो. आणि माणसे बदलली की तो अर्थही बदलतो. वसई हे याचे बोलके उदाहरण आहे.

वसईचा इतिहास पोर्तुगिजांपासून सुरू होत नाही. शेजारचे सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आणि बौद्ध स्तूप सापडला. १९५६ साली भुईगावात आणखी एक तुकडा मिळाला. आपल्या वाड्यांच्या मातीखाली असे निराळ्या श्रद्धेचे अवशेष आहेत, हे आपण विसरू नये.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादुरशाहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे येथे तटबंदीचे शहर उभे राहिले आणि ते पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन अशा संघांचे मठ आणि चर्चे येथे होती. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदास पोहोचला. मात्र या वैभवाला दुसरी बाजूही होती. याच राजवटीत देवळे पाडली गेली, अन्यधर्मीयांवर निर्बंध लादले गेले. श्रद्धेचा वारसा कृतज्ञतेने स्वीकारताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आजही दिसते. एका उपासनेसाठी ओतलेला धातू दुसऱ्या उपासनेत निनादू लागला. वसईचे नावही बदलत राहिले. पोर्तुगिजांची ‘बासाईं’ मराठी अमलात ‘बाजीपूर’ झाली, इंग्रजांच्या कागदांत ‘बेसीन’ झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती वसईच राहिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तहही ‘वसईचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. ज्या वसईने १७३९ साली मराठी पराक्रमाचा मान मिळविला, तिचेच नाव चौसष्ट वर्षांच्या आत मराठी सत्तेच्या पराधीनतेला चिकटले.

कोटातील शहर हळूहळू ओसाड झाले. गोमंतकीय संशोधक डॉ. जेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईचा इतिहास प्रसिद्ध केला, तोवर वसई पुराणवस्तूंच्या अभ्यासाचा विषय झालेली होती.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. शहर गेले, तट जिंकले गेले, घंटा गेल्या. मग श्रद्धा कशी राहिली? ती कोटाच्या भिंतींत नव्हतीच. ती गावागावांतील कुपारी, वाडवळ, कोळी कुटुंबांत होती. परकीय धर्मगुरू निघून गेल्यावर गोमंतकातून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी हे कळप सांभाळले. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत, बावखलाच्या काठी, घरच्या बोलीत प्रार्थना चालू राहिली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचा पाया या घरांनीच घातलेला होता. म्हणूनच वसईचा मराठी ख्रिस्ती माणूस चिमाजी आप्पांच्या पुतळ्यासमोर आणि भग्न वेदीसमोर सारख्याच आपलेपणाने उभा राहू शकतो. दोन्ही इतिहास त्याचेच आहेत. त्यांपैकी एकाची निवड त्याने करावी, असा आग्रह कुणी धरू नये.

आज वसईचा अर्थ पुन्हा बदलत आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. वाड्या तुटल्या, अनेक बावखले बुजविली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या लढ्यामागे हीच वेदना होती. नव्याने आलेल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. तीही येथे संसार मांडतील, मुले वाढवतील आणि या भूमीला आपला अर्थ देतील. आपले पूर्वजही कधी काळी येथे नव्याने आलेले होतेच.

परंतु बावखल बुजते, तेव्हा केवळ पाणी जात नाही. त्या काठावरचा रहाट, तेथे भेटणारी माणसे, त्यांच्या बोलीतले शब्द हेही त्याबरोबर जातात. कोटाच्या दगडांची राखण सरकारचे पुरातत्त्व खाते करते. वाडीची, बोलीची आणि शेजारधर्माची राखण मात्र कोणतेही खाते करणार नाही. ती आपल्याच घरांतून व्हावयाची आहे. तेव्हा पुढच्या खेपेस मुलांना कोट दाखविताना एकच भिंत दाखवू नका. देऊळ दाखवा, वेदी दाखवा, पुतळाही दाखवा. आणि परतताना आपल्या गावातील शिल्लक असलेल्या एखाद्या बावखलाच्या काठी त्यांना घटकाभर बसवा. वसई म्हणजे काय, हे त्यांना तेथे अधिक कळेल.