खेचरांच्या पाठीवर मुरलेला चहा

तांदूळ जुना हवा, लोणचं मुरलेलं हवं, गूळही औषधाला जुनाच मागतात. चहाच्या बाबतीत मात्र आपला हिशेब उलटा आहे. पत्ती जुनी झाली की तिचा दम गेला म्हणायचं आणि नवा पुडा फोडायचा. चीनच्या नैऋत्य कोपऱ्यात, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून असलेल्या युन्नान प्रांतात असा एक चहा होतो की जो दहा, वीस, तीस वर्षं ठेवून पितात. त्याचं नाव पू-अर. चार वर्षांपूर्वी मी तो पहिल्यांदा चाखला आणि चवीपेक्षा त्याच्या इतिहासातच जास्त अडकलो. त्या इतिहासात मुसलमान आहेत, आणि ते ना तख्तावर बसलेले आहेत ना तलवार घेऊन निघालेले. ते खेचरं हाकत आहेत.

आधी चहाबद्दल. पू-अरची पानं मोठ्या पानाच्या झाडाची. वनस्पतिशास्त्रात या जातीला 'असामिका' म्हणतात, म्हणजे आपल्या आसामच्या चहाची ती सख्खी भावकी. पानं खुडून कढईत परततात, हातानं चोळतात आणि उन्हात वाळवतात. मग वाफ देऊन दाबतात आणि गुळाच्या ढेपेसारखी ढेप करतात. कधी ताटलीसारखी चपटी चकती, कधी वीट, तर कधी उलट्या वाटीच्या आकाराची 'तुओचा'. पू-अर हे मुळात गावाचं नाव. चहा पिकायचा दक्षिणेच्या डोंगरांत आणि गोळा व्हायचा या बाजारपेठेत. 1729 साली चिंग राजवटीनं इथं जिल्ह्याचं ठाणं बसवलं. 1735 च्या नियमानुसार सात चकत्यांचा एक गठ्ठा ठरला, वजन 49 लिआंग. आजही चकती 357 ग्रॅमची असते आणि सात चकत्या मिळून अडीच किलो भरतात. बारा गठ्ठ्यांची एक टोपली, म्हणजे 30 किलो. खेचराच्या दोन्ही बाजूंना एकेक टोपली लावली की 60 किलो. चहाचं माप असं जनावराच्या पाठीशी जुळलेलं आहे.

चव बदलली ती वाटेवर. ल्हासाला किंवा ब्रह्मदेशात माल पोहोचायला महिने लागत. वाटेत पाऊस, दऱ्यांमधला दमटपणा, जनावराच्या अंगाची ऊब. ढेपेतल्या पानांत सूक्ष्मजीव हळूहळू काम करत राहायचे. निघताना हिरवा आणि कडू असलेला चहा पोहोचेपर्यंत तांबूस आणि मऊ झालेला असे. म्हणून पू-अर नुसता मळ्यात तयार झाला असं म्हणणं पुरं नाही. मळेवाल्याइतकाच तो तांडेवाल्यानंही घडवला.

हे तांडेवाले कोण?

सगळे मुसलमान नव्हते, हे आधी सांगायला हवं. तिबेटी होते, नाशी होते, बाई जमातीचे होते, हान चिनीही होते. पण युन्नानहून ब्रह्मदेश, लाओस आणि सयामकडे जाणाऱ्या वाटांवर हुइ मुसलमानांचे तांडे ठळकपणे दिसत. दख्खनच्या वाचकाला हे समजायला सोपं आहे. आपल्याकडे लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहायचे, फौजांना रसद पुरवायचे. राजे बदलत, तांडे चालत राहत. युन्नानात तेच काम खेचरांवर चालायचं.

युन्नानात मुसलमान पोहोचले ते प्रामुख्यानं 13व्या शतकात, मंगोलांच्या राजवटीत. 1274 साली कुब्लाय खानानं बुखाऱ्याच्या सय्यद अजल शम्सुद्दीन उमरला युन्नानचा सुभेदार केलं. 1279 मध्ये तो वारला. पाचच वर्षांत त्यानं कुन्मिंगजवळच्या सरोवराचं पाणी आवरलं आणि शेतीला कालवे दिले. मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही बांधलं. त्याच्याबरोबर आणि नंतर आलेले शिपाई, कारागीर, व्यापारी तिथंच रुजले. त्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली आणि चिनी बोलू लागले. चिनी आरमाराचा प्रसिद्ध दर्यासारंग चंग ह याच युन्नानी मुसलमानांतला.

उर्दू शिकवणारा माणूस म्हणून मला त्यांच्या भाषेतली एक गोष्ट फार आवडते. चीनचे हुइ मुसलमान पाच नमाजांची नावं फारसीत घेत आले आहेत. बामदाद, पेशीन, दिगर, शाम, खुफ्तन. उच्चार अर्थात चिनी वळणाचे. मौलवीला ते 'आहोंग' म्हणतात, म्हणजे आपला आखुंद. उलट 'चाय' हा शब्द चीनमधून फारसीत आणि तिथून उर्दूत आला. आपण त्यांना नमाजाचे शब्द दिले आणि त्यांनी आपल्याला चहाचा. दोन्ही देवघेवी त्याच तांड्यांच्या वाटांनी झाल्या.

या वाटांवरून हाजीही जात. युन्नानचा मोठा आलिम मा दशिन, ज्याचं मुस्लिम नाव युसूफ होतं, 1841 मध्ये हजला निघाला. अफूच्या युद्धामुळं चीनच्या बंदरांतून समुद्रमार्ग धोक्याचा झाला होता. म्हणून तो मुसलमान व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर खुष्कीनं दक्षिणेकडे उतरला. चहाच्या डोंगरांचा शिश्वांगबान्ना मुलूख ओलांडून ब्रह्मदेशात, इरावतीतून नावेनं रंगूनला आणि तिथून जहाजानं अरबस्तानात. परतला 1849 मध्ये. कुराणाचा चिनी अनुवाद सुरू करण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं.

याच मुलखात मंगहाय नावाचा तालुका आहे. पू-अरचे जाणकार हे नाव आदरानं घेतात. तिथं दाई जमातीची दोन मुसलमान गावं आहेत. चहाच्या व्यापारासाठी आलेले हुइ तांडेवाले दाई बायकांशी लग्न करून स्थायिक झाले, त्यांची ही वस्ती. घरं दाई पद्धतीची, बोली दाई, आणि गावात मशीद. त्यांना 'पाशी दाई' म्हणतात आणि हा शब्द 'फारसी'शी जोडला जातो.

दालीची सोळा वर्षं

1845 मध्ये पश्चिम युन्नानच्या बाओशान शहरात हुइ मुसलमानांची कत्तल झाली. तिथला एक तरुण, दू वन्श्यू, दाद मागायला थेट पेकिंगला गेला. दरबारानं चौकशीसाठी लिन झशूला पाठवलं. 1839 मध्ये कँटनजवळ अफू नष्ट करणारा तोच हा लिन. त्या अफूत मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. एवढा करडा अधिकारी येऊनही न्याय अर्धाच झाला. चांदीच्या खाणींवरून हान आणि हुइ कामगारांतले तंटे वाढत गेले. 1856 मध्ये कुन्मिंगमध्ये पुन्हा कत्तल झाली आणि युन्नान पेटलं. त्याच वर्षी दू वन्श्यूनं दाली शहर घेतलं आणि 1872 च्या अखेरपर्यंत तिथून राज्य केलं.

इंग्रजांनी त्याला 'सुलतान सुलेमान' म्हटलं आणि बंडाला 'पांथे बंड'. पांथे हे ब्रह्मी लोकांनी युन्नानी मुसलमानांना दिलेलं नाव. दूची चिनी पदवी मात्र सरसेनापतीची होती. त्याच्या बाजूनं हान आणि इतर जमातींचे लोकही लढले. उलट मा रुलोंग हा मुसलमान सरदार चिंग दरबाराला जाऊन मिळाला आणि दालीविरुद्ध लढला. धर्माची सरळ रेघ ओढून हा इतिहास समजत नाही. शेवटी दाली पडली. दूनं विष घेतलं, तरी त्याचं शीर कापलं गेलं. शहरात पुन्हा कत्तल झाली. दोन्ही बाजूंत समेट घडवू पाहणाऱ्या वृद्ध मा दशिनलाही 1874 मध्ये मारण्यात आलं.

जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रह्मदेशाची वाट धरली. ती त्यांच्या पायाखालचीच होती. मंडालेत राजा मिंदोननं दिलेल्या जागेवर 1868 मध्ये उभी राहिलेली पांथे मशीद आजही आहे. हिजरत केलेल्यांनी नव्या मुलखात पुन्हा खेचरं जुंपली.

दालीजवळचा कारखाना

दालीच्या दक्षिणेला, सरोवराच्या टोकाशी श्याग्वान आहे. नावाचा अर्थ 'खालचा नाका'. तांड्यांचा हा मोठा तळ. वाटीच्या आकाराची तुओचा 20व्या शतकाच्या सुरुवातीला इथंच नावारूपाला आली. 1941 मध्ये इथं तिबेटसाठी माल करणारा कारखाना निघाला, तोच आजचा श्याग्वान कारखाना. त्या काळात मंगहायचा चहा एका लांबच्या वाटेनं तिबेटला जायचा. खेचरांवर ब्रह्मदेशात, तिथून रंगून, जहाजानं कलकत्ता, रेल्वेनं सिलिगुडी, मग कालिंपाँग आणि पुन्हा खेचरांवर ल्हासा. 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि ही वाट बंद झाली.

पुढं मोटारी आल्या आणि चहा वाटेवर मुरेना. हाँगकाँगच्या दमट गोदामांत तो वर्षानुवर्षं ठेवू लागले, कारण तिथल्या खाणावळींना मऊ, काळा चहा हवा होता. मग 1973 मध्ये कुन्मिंगच्या कारखान्यात पानांचा ढीग घालून, पाणी मारून, झाकून दीडदोन महिन्यांत तो मुरवायची पद्धत बसली. याला 'शू', म्हणजे पिकवलेला पू-अर म्हणतात. न पिकवता सावकाश मुरणारा तो 'शंग', म्हणजे कच्चा.

कमी पैशात जुना चहा

जुन्या खासगी पेढ्यांच्या चकत्या लिलावात लाखोंना जातात. त्या वाटेला जायचं कारण नाही. 2007 मध्ये चीनमध्ये पू-अरचा सट्टा झाला, भाव गगनाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले. ते उदाहरण पुरेसं आहे. कमी पैशात जुना चहा हवा असेल तर श्याग्वानची 100 ग्रॅमची कच्ची तुओचा बघावी. ती इतकी घट्ट दाबलेली असते की सावकाश मुरते, आणि कारखाना मोठा असल्यानं माल भरपूर असतो. माझ्याकडची वेष्टनावर 2009 लिहिलेली आहे. एक ओळखीचे व्यापारी कोलकात्याहून घेऊन आले. एका वेळी पाच ग्रॅम लागतात आणि तेवढ्यात माझी संध्याकाळ निघते.

वेष्टनावर चार आकडे दिसले तर ते उत्पादनाचं साल समजू नये. 7572 मध्ये 75 म्हणजे ते मिश्रण 1975 साली ठरलं, 7 ही पानांची प्रत आणि 2 हा मंगहायच्या कारखान्याचा आकडा. श्याग्वानचा आकडा 3. बनवल्याची तारीख वेगळी छापलेली असते.

करायची रीत सोपी आहे. दूध, साखर, आलं काही नको. दाभणासारखं टोकदार काही घेऊन ढेपेच्या कडेनं पापुद्रे सोडवायचे, कुटायचं नाही. पाच ग्रॅम पानांना 100 मिलिलिटरचं झाकणाचं लहान भांडं. पाणी खळखळतं उकळलेलं. पहिलं पाणी ओतून लगेच टाकून द्यायचं, त्यानं धूळ जाते आणि पानं जागी होतात. मग दहा सेकंदांत गाळायचं. पुढच्या प्रत्येक खेपेला थोडा जास्त वेळ. त्याच पानांवर आठदहा खेपा सहज होतात.

पहिल्या दोन पेल्यांत धुराचा वास येतो, चुलीवरच्या स्वयंपाकघरासारखा. तिसऱ्यापासून धूर मागं सरतो आणि जुनं लाकूड, खारीक, किंचित कडवटपणा येतो. गिळल्यावर थोड्या वेळानं घशात गोडवा परततो. चिनीत त्याला 'हुइ-गान' म्हणतात, परतलेला गोडवा. हुइ मुसलमानांच्या नावातलं अक्षरही हेच, 'परतणे' अर्थाचं. हा योगायोग खरा, पण मी तो विसरू शकत नाही. साठवायला कोरं मातीचं मडकं उत्तम. मसाल्याच्या डब्यांपासून मात्र लांब ठेवावं, कारण हा चहा सगळे वास ओढून घेतो.

'आंबवलेला चहा आपल्याला चालतो का?' असं मला विचारतात. इथं आंबवणं म्हणजे दारू गाळणं नव्हे. इडलीचं पीठ किंवा दही जसं सूक्ष्मजीवांमुळं बदलतं, तसंच हे आहे. हा चहा नशा आणत नाही. तो वाहणाऱ्यांत पाच वेळचे नमाजी होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

वाहणाऱ्यांची तारीख

माझ्या वर्गातल्या मुलांना मुसलमानांच्या इतिहासाबद्दल विचारलं तर बादशहांची नावं येतात. कुणी अभिमानानं सांगतं, तर कुणी खाली मान घालून. बाहेरही आमच्याबद्दल बोलताना लोक त्याच चार नावांवर थांबतात. मग भांडण तख्ताचं होतं आणि त्यात आमचे विणकर, नालबंद, अत्तार, बागवान, खलाशी कुठंच नसतात. दालीच्या सोळा वर्षांवर ग्रंथ झाले. त्याआधीची आणि नंतरची शेकडो वर्षं ज्यांनी चहा वाहिला, त्यांची नावं उरली नाहीत. पण ते ज्या मुलखातून गेले तिथली भाषा त्यांनी घेतली, तिथं लग्नं केली, मशिदी बांधल्या आणि एका पेयाला त्याची चव दिली. एखाद्या मातीचे आहोत हे सिद्ध करायला याहून मोठा दाखला कोणता मागणार?

तुमच्या गावात, तुमच्या घराण्यात असं काही वाहिलेलं, विणलेलं, घडवलेलं असेल तर ते म्हाताऱ्या माणसांकडून आजच लिहून घ्या. चहा ठेवला की मुरतो. आठवणी ठेवल्या तर विरून जातात.