बांधावरचा प्रश्न जगापर्यंत कसा पोचला



या पत्रकातून आपण नेहमी बियाणं, खत, पाणी आणि कीड यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. माहिती आपल्यापर्यंत येते कशी, आणि आपला प्रश्न माहिती देणाऱ्यापर्यंत जातो कसा, याचा हा इतिहास आहे. सवडीने वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

कालव्याचं पाणी कसं येतं हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला तेव्हापासून एक गोष्ट सगळे बघत आले आहेत. मुखाकडच्याचं रान आधी भिजतं, टेलच्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. माहितीचंही तसंच आहे. शहरात ती आधी पोचते, सुप्याच्या जिरायत पट्ट्यात किंवा इंदापूरच्या शेवटच्या वाडीवर मागाहून. पण एक फरक ध्यानात घ्या. पाणी उलटं वर चढत नाही. माहितीला मात्र उलटं चढावंच लागतं. शेतकऱ्याच्या रानात काय चाललं आहे हे वर कळलं नाही, तर वरून येणारा सल्ला कितीही मोठ्या माणसाने दिलेला असो, तो दुसऱ्याच कुणाच्या तरी रानासाठी असतो.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती कॅनडातल्या शेतकऱ्यांनी. तिथे हिवाळ्यात रानं बर्फाखाली जातात आणि माणसं घरात अडकून पडतात. १९४१ साली तिथल्या नभोवाणीने, शेतकरी संघटनेने आणि प्रौढशिक्षण संस्थेने मिळून देशभर एक कार्यक्रम सुरू केला. शेजारी-पाजारी एका घरी जमायचे, आधी पाठवलेलं पत्रक वाचायचे, मग रेडिओ ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायचे आणि ठरेल ते कामाला लावायचे. चर्चेत काय निघालं ते लिहून वर पाठवायचे, आणि ठरावीक दिवशी त्या मतांवरच कार्यक्रम व्हायचा. नुसतं ऐकून घरी जायचं नाही, ही त्यातली खुबी.

युनेस्को ही संयुक्त राष्ट्रांची शिक्षण आणि विज्ञानाची संस्था. तिने हा प्रयोग जगापुढे मांडला. प्रश्न असा होता की ज्या देशात गावात एखादाच रेडिओ आहे, निम्म्याहून जास्त माणसांना लिहिता-वाचता येत नाही, तिथे हे जमेल का? हे तपासायला जगातून जागा निवडली गेली ती आपली. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालेलं. तिथून १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतकरी मंडळांसाठी वीस कार्यक्रम झाले. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे घेतले होते, त्यांत पुणे जिल्हा होताच. एकूण दीडशे गावं.

त्या काळची गावं डोळ्यांपुढे आणा. बहुतेक ठिकाणी वीज नाही, रेडिओ बॅटरीवर चालायचा. संध्याकाळी जनावरं बांधून, धारा काढून माणसं चावडीत नाहीतर शाळेत जमायची. मंडळात वीसेक जण, त्यांत एक अध्यक्ष आणि एक लिहिणारा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला सुरुवात. लिहिणारा चर्चा टिपून घ्यायचा, कुठे अडलं तो प्रश्नही लिहायचा आणि कागद टपालाने पुण्याला जायचा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याचं उत्तर यायचं. आपल्या गावचा प्रश्न रेडिओवर आला की ऐकणाऱ्यांची मान कशी ताठ होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

हा प्रयोग मोजून बघण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. त्या कामाचे प्रमुख होते पॉल न्यूरथ. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रियाचे. हिटलरच्या छळछावण्यांत, डाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथे, बंदी म्हणून राहिलेले. सुटल्यावर पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि तिथून भारतात आले. जिथे माणसाला तोंड उघडण्याची मुभा नव्हती अशी जागा भोगलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या गावात माणसं कशी बोलतात हे मोजत होता, हे मला नोंदवावंसं वाटतं.

त्यांनी तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली. काही गावांत मंडळ होतं, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि काहींत रेडिओच नव्हता. सुरुवातीला आणि शेवटी लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेली गावं तितकी पुढे गेली नव्हती. म्हणजे फरक पडला तो यंत्राने नव्हे, बसून बोलण्याने. आणखी एक निष्कर्ष असा निघाला की ही मंडळं हळूहळू गावात निर्णय घेणारी मंडळं बनू लागली, काही बाबतींत तर निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही झटपट.

एक उणीवही सांगितली पाहिजे. मंडळांत बसत ते बहुतेक पुरुष. खुरपणी, बी राखणं, गाईम्हशींचं दूध हे सगळं ज्यांच्या हातचं, त्या बायका बाहेरच राहिल्या. घरात रेडिओ आला तेव्हाच त्यांच्या कानावर हे पडू लागलं.

युनेस्कोने १९५९ साली पुण्याच्या प्रयोगाचं पुस्तक काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारत सरकारने ही मंडळं देशभर नेण्याचं ठरवलं. १९६४-६५ मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात असाच प्रयोग झाला. कॅनडाची पद्धत मराठी गावांत तपासली गेली आणि मग ती पुढे आफ्रिकेत गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हेच. त्यात आपण घेणारे होतो तसे देणारेही होतो.

पुढे मात्र जोर ओसरला. मंडळांची संख्या वाढली, पण दीडशे गावांच्या प्रश्नांना उत्तर देणं वेगळं आणि हजारो गावांच्या प्रश्नांना देणं वेगळं. उत्तर आलं नाही की माणूस विचारायचं सोडतो. मग ट्रान्झिस्टर आला. घरोघरी, औताच्या जुवाला अडकवलेला रेडिओ दिसू लागला. ऐकणं सोपं झालं, पण एकत्र बसणं गेलं. सोय झाली हे खरं, पण तिची किंमतही मोजावी लागली असं माझं मत आहे.

याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आर्वी इथे उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र उभं राहिलं. तिथल्या अवाढव्य तबकडीतून परदेशचे दूरध्वनी जाऊ लागले. पण पुणे जिल्ह्यातून परदेशात बोलता येत होतं तेव्हा जिल्ह्यातल्याच कितीतरी वाड्यांवरून तालुक्याला फोन लागत नव्हता! हे एकट्या आपलं दुखणं नव्हतं. जगाच्या दूरसंचार संघटनेने नेमलेल्या मेटलंड आयोगाने १९८५ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की एकट्या टोकियो शहरात जितके फोन आहेत तितके सबंध आफ्रिका खंडात नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, फोन आले, संगणक आला, मग अडलं कुठे? अडलं अक्षरापाशी. सुरुवातीच्या संगणकांना मराठी येत नव्हती. प्रत्येक कंपनीची अक्षरं निराळी, एका यंत्रावर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की चौकोन आणि फुल्या दिसायच्या. यावर उपाय म्हणून निरनिराळ्या देशांच्या जाणकारांनी आणि कंपन्यांनी मिळून जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचं ठरवलं. त्याला युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरीची मांडणी भारत सरकारच्या आधीच्या प्रमाणावरून घेतली गेली. पण मराठीची गंमत बघा. 'शेतकऱ्याला' हा शब्द लिहा. त्यात 'र'ची जी आडवी पापणीसारखी रेघ आहे ती हिंदीत लागत नाही. ती उमटवण्याची सोय युनिकोडमध्ये ठेवली गेली म्हणून आज मोबाइलवर 'शेतकऱ्याला' हा शब्द धड लिहिता येतो. जगाच्या यादीत आपली एक रेघ राहून गेली असती, तर नेमकं आपलंच नाव मोडकं दिसलं असतं.

डिसेंबर २००३ मध्ये जिनीव्हाला जगातल्या देशांची माहिती-समाजाविषयी परिषद भरली. दुसरी बैठक नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला झाली. कुणालाही बाहेर न ठेवणारा माहिती-समाज बांधायचा, २०१५पर्यंत गावं जोडायची, असे ठराव झाले. ठराव चांगले होते. पण त्याच २००३ साली बारामतीत जे काम सुरू होत होतं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

मुंबईच्या आयआयटीने प्रश्नोत्तरांची एक व्यवस्था तयार केली, नाव 'अॅक्वा'. जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरं, असा त्या नावाचा अर्थ. 'सर्व' न म्हणता 'जवळजवळ सर्व' म्हणणारा माणूस विश्वासाचा, नाही का? शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन मराठीत प्रश्न सांगायचा, तिथला मुलगा किंवा मुलगी तो टंकणार, जमलं तर रोगट पानाचा फोटो जोडणार. उत्तरं द्यायला बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ होते. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचाही सहभाग होता. जुने प्रश्न आणि उत्तरं साठून राहत, त्यामुळे एकाला मिळालेलं उत्तर दुसऱ्याच्याही कामी येई. एका भाषेत विचारलेलं दुसऱ्या भाषेतल्या कागदांत शोधता यावं म्हणून, टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठात १९९६ पासून चाललेल्या भाषा-प्रकल्पाचाही आधार आयआयटीतल्या मंडळींनी घेतला.

वेळही तशीच होती. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. फडच्या फड पांढरे दिसू लागले, आणि जो तो दिसेल ते औषध मारत सुटला. शेवटी कामाला आल्या त्या डिफा, मायक्रोमस अशा मित्रकिडी. ही गोष्ट शेजाऱ्याच्या फडात कीड शिरण्याआधी त्याला कळली तर हजारो रुपये वाचतात, नंतर कळली तर नुसती हळहळ. केंद्र सरकारची किसान कॉल सेंटरची सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली, तीही याच गरजेतून.

किडीला सरहद्द नसते, हे पुढे मक्याने शिकवलं. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत शिरली, २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. गाईंसाठी मका करणाऱ्या आपल्या भागाला ती चांगलीच भोवली. जागतिक अन्न व कृषी संघटनेने मोबाइलवर एक साधन काढलं होतं. आफ्रिकेतला शेतकरी आपल्या रानात किती झाडं खाल्ली ते मोजून त्यात भरी, आणि त्या नोंदींवरून अळी कुठवर आली ते जगाला दिसे. ही अळी ओळखायची खूण, डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी रेघ आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, आपल्याकडे लवकर पसरली ती तिकडच्या अनुभवामुळे. केनियातल्या अनोळखी बाईने तिच्या मक्यात बघितलेलं इंदापूरच्या मक्याला असं उपयोगी पडतं.

अलीकडे बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि इंग्लंडचं ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्याबरोबर उसावर नवं काम हाती घेतलं. जमिनीतली यंत्रं ओल मोजतात, उपग्रह रान बघतो, हवामानाची नोंद होते, आणि या सगळ्याचा हिशेब करून पाणी कधी, खत किती, हा सल्ला मोबाइलवर येतो. पाणी वाचत असेल तर ते जरूर करावं. मात्र आता रानाने काही न बोलताच त्याची माहिती वर जाते. ती कुणाकडे राहते, आणखी कुणाला दिली जाते, बंद करायची तर कशी करायची, हे संमतीचं बटण दाबण्याआधी विचारून घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत देशांनी डिजिटल करार केला, त्यातही माहितीच्या कारभाराचा हाच प्रश्न आहे. तिथे तो मुत्सद्दी विचारतात. इथे तो तुम्ही विचारायचा.

आता कामाचं. प्रश्न पाठवताना नुसतं 'पीक पिवळं पडलंय, काय मारू?' एवढंच लिहू नका. पिकाचं वाण, लागणीची तारीख, जमीन हलकी की भारी, पाणी कालव्याचं की विहिरीचं, आधी काय फवारलं, आणि पिवळेपणा कोवळ्या पानावर आहे की जुन्या, एवढं कळवा. फोटो काढायचा तर पानाच्या दोन्ही बाजूंचा काढा, उन्हाकडे पाठ करून. घरातल्या बाईमाणसाने काही वेगळं पाहिलं असेल तर तेही लिहा. तातडीचं असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि वाडीवर चार जण जमून विचारलात तर एकच पत्र चौघांच्या नावाने पाठवा, म्हणजे उत्तर चौघांनाही एकदमच ऐकता येईल.