भूगर्भातील प्राणरक्षक

शौर्याची आपली कल्पना पावनखिंडीत घडलेली आहे. इ. स. १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत खिंड सोडली नाही, आणि तेव्हापासून मराठी मनाने पाऊल मागे न घेण्यासच शौर्य हे नाव देऊन टाकले. या कल्पनेस उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मनुष्याच्या उद्योगाने असेही एक क्षेत्र निर्माण केले आहे की, जेथे योग्य क्षणी पाऊल मागे घेता येणे हाच शौर्याचा अर्धा भाग होऊन बसतो. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, आग लागली किंवा पाणी शिरले असता आत कोंडलेल्या माणसांस सोडविण्यास जी पथके उतरतात, त्यांचे कार्य हे ते क्षेत्र होय.

आमच्या पालघर-बोईसर भागात कोळशाची खाण नाही, हे खरे. तथापि डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ पासून दूरदूरच्या खाणींतून रेल्वेने येणारा कोळसा जाळीत आले आहे, आणि ज्या दिव्याखाली आपण मासिके वाचतो त्या दिव्याचा खाणीतल्या माणसाशी काहीएक ऋणानुबंध आहे. त्याहून जवळचेही एक कारण आहे. खाणीत जे विषारी वायू माणसास मारतात त्यांचे भाईबंद तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींतील बंद टाक्यांत, गावोगावच्या जुन्या विहिरींत आणि शहरांच्या मैलाकुंड्यांत दबा धरून बसलेले असतात.

खाणीत स्फोट झाला म्हणजे माणसे भाजून आणि चिरडून मरतात, असा समज फार काळ होता. हंफ्री डेव्ही याने १८१५ मध्ये आपला सुप्रसिद्ध दिवा शोधून काढला, तो मिथेनचा स्फोट होऊ नये म्हणून. परंतु स्फोटानंतर काय होते याचा उलगडा होण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउन येथे स्फोट झाला. तेथील प्रेतांची तपासणी करून जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मृतांपैकी बहुसंख्य लोक ज्वाळेने नव्हे, तर स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. या वायूस रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि मनुष्यास आपण मरत आहोत याची जाणीवही बहुधा होत नाही. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास जलद असल्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळतो. यास्तव हाल्डेनने पिंजऱ्यातील पक्षी बरोबर नेण्याची सूचना केली. इंग्लंडात कॅनरी पक्षी थेट १९८६ पर्यंत या कामी होते. आपल्याकडील खाणींत हेच काम बिचाऱ्या मुनियेने केले.

आमच्याकडील शेतकऱ्यास ही विद्या अगदीच परकी नाही. बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडण्याची जुनी रीत आहे; ज्योत विझली तर कोणी उतरावयाचे नाही. ही रीत मोडली की काय होते, ते वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. एक जण टाकीत उतरतो आणि कोसळतो. त्यास काढण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्यास काढण्यास तिसरा. पुष्कळदा दुसरा हा पहिल्याचा भाऊ असतो. त्याच्या धैर्यात काय उणे होते? धैर्य भरपूर होते. हवा मात्र नव्हती.

शिक्षित रक्षकदलांचा इतिहास या एका सत्यातून सुरू होतो. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कुरिएर येथे कोळशाच्या धुळीचा प्रचंड स्फोट होऊन १०९९ माणसे मेली. फ्रान्सपाशी श्वसनयंत्रे घेऊन उतरणारे शिक्षित पथक त्या वेळी नव्हते. जर्मनीत, वेस्टफालियात, ते होते. मोरोक्कोच्या प्रश्नावरून ही दोन राष्ट्रे त्याच आठवड्यांत एकमेकांवर डोळे वटारून बसली होती. तरीही जर्मन खाणकामगार आपली यंत्रे घेऊन सीमा ओलांडून आले. दोन्ही देशांच्या कामगारांस या गोष्टीचा विसर पडला नाही, आणि १९३१ मध्ये पाब्स्ट या दिग्दर्शकाने तीवर एक बोलपटही काढला.

परंतु कुरिएरची खरी शिकवण निराळी व अधिक दुःखद आहे. आत कोणी जिवंत असणे शक्य नाही असे ठरवून अधिकाऱ्यांनी काही दिवसांतच शोध आवरता घेतला होता. ३० मार्च रोजी, स्फोटानंतर विसाव्या दिवशी, तेरा माणसे आपल्या पायांनी अंधारातून चालत बाहेर आली. घोड्यांचा दाणा, लाकडी खांबांची साल आणि खाणीतील एका घोड्याचे मांस खाऊन ती जगली होती. ४ एप्रिल रोजी आणखी एक जण सापडला. शोध चालू राहिला असता तर आणखी किती सापडले असते, हा प्रश्न तेथील विधवांनी विचारला. त्यास उत्तर नव्हते.

आता याच्या अगदी उलट चित्र पाहा. २२ सप्टेंबर १९३४ रोजी, शनिवारी पहाटे, वेल्समधील ग्रेसफर्ड येथे स्फोट झाला. स्फोटाच्या बाजूस जे होते त्यांतून सहाच जण सुटले. शेजारच्या खाणीतील एक रक्षकपथक दूषित हवेच्या वाटेने आत शिरले. पिंजऱ्यातील पक्षी जवळजवळ तत्काळ मेला. तरी पथक पुढे गेले, आणि त्यांतील तिघे परत आले नाहीत. रविवारी सायंकाळी खाणीचे तोंड बंद करण्याचा निर्णय झाला. बाहेर बायकामुले उभी होती. आतून बाहेर आली होती ती अवघी अकरा प्रेते, त्यांत तीन रक्षकांची. हा निर्णय क्रूर वाटेल. पण मंगळवारी आत पुन्हा स्फोट होऊन बंद केलेले तोंडच उडाले आणि वर उभा असलेला एक कामगार ठार झाला. रक्षक खाली असते तर एकूण २६६ मृतांत किती भर पडली असती, याची कल्पना करावी.

कुरिएर आणि ग्रेसफर्ड या दोहोंच्या मध्ये रक्षकाचे सारे आयुष्य जाते. लवकर थांबावे तर जिवंत मनुष्य गाडला जाईल. उशिरा थांबावे तर सोडविणारेच गाडले जातील. आमच्या मते या पेचातूनच रक्षकदलाची ती शिस्त निर्माण झाली, जी बाहेरून पाहणारास रुक्ष वाटते. पाच-सहा जणांचे पथक, त्यास एक नायक व एक उपनायक. शुद्ध हवेच्या शेवटच्या ठिकाणी ठाणे, आणि तेथे तितकेच दुसरे पथक सज्ज. ते दुसरे पथक आल्याखेरीज पहिल्याने आत जावयाचे नाही. पाठीवर सुमारे पंधरा किलोचे यंत्र, जुन्या यंत्रांत तोंडात नळी आणि नाकास चिमटा. अर्थात बोलणे बंद, शिंगाच्या ठरीव आवाजांनी खुणा. जाताना जेवढा प्राणवायू खर्च होईल त्याच्या दुप्पट येण्यासाठी राखावयाचा. म्हणजे तिसरा हिस्सा संपला की, पुढे दहा पावलांवर कोणी कण्हत असल्याचे ऐकू आले तरी, नायकाने मागे फिरण्याची खूण करावयाची असते. ही खूण करणाऱ्या माणसाच्या मनाची कल्पना ज्यास येईल त्याने मग शौर्याची व्याख्या करावी.

आपल्या देशात हे शास्त्र उशिरा आले, आणि प्रेतांच्या राशीवरूनच आले. १८ डिसेंबर १९३६ रोजी राणीगंज क्षेत्रातील पोइडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसे दगावली. त्यानंतर १९३९ मध्ये कोळसा खाणींसाठी रक्षणाचे नियम झाले, आणि १९४१ मध्ये धनबाद व सीतारामपूर येथे रक्षककेंद्रे उघडली. पुढे हे नियम बदलत गेले व १९८५ मध्ये सर्वच खाणींसाठी नवे नियम आले.

महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात. वरोडा, बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी ही नावे शाळेतल्या भूगोलात आपण पाठ केलेली असतात. त्यांखालचा अंधार पाठ करीत नाही. वर्धा खोऱ्यातील कोळशास आपोआप तापून पेटण्याची खोड आहे. यामुळे नागपूरच्या रक्षककेंद्रातून तयार होणाऱ्या माणसांच्या वाट्यास येणारे पुष्कळसे काम वीरकथेत न शोभणारे असते: श्वसनयंत्र लावून, उष्ण धुरात, विटांच्या भिंती बांधून आगीची हवा तोडणे. खाणीवरील डॉक्टरांकडून तपासून घ्यावयाचे, धुराने भरलेल्या तापलेल्या बोगद्यात वर्षानुवर्षे सराव करावयाचा, आणि मग एके दिवशी गवंडीकाम. पण ती भिंत वेळेवर उभी राहिली नाही तर उद्या स्फोट ठरलेला. डी. जे. देशमुख यांचे नागपुरास प्रसिद्ध झालेले खाणशास्त्रावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक भारतभरच्या खाण-विद्यार्थ्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. या विद्येस मराठी माणसाचा हातभार लागला आहे तो असा मुकाट्याने.

आगीपेक्षाही पाण्यापुढे ही पथके हतबल होतात. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ माणसे बुडाली. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १९७५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळील सिल्लेवाडा येथे पाण्याने १० जणांचा बळी घेतला. त्यास सहा आठवडेही झाले नव्हते, तोच २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ माणसे बुडाली. रशिया आणि पोलंडहून पंप आले. पाणी उपसण्यास आठवडे लागले. एकही जिवंत हाती लागला नाही. अशा प्रसंगी रक्षक हे केवळ प्रेतवाहक उरतात, आणि तेही काम त्यांनी केले.

म्हणूनच १९८९ च्या महाबीर खाणीची हकीकत विस्ताराने सांगावीशी वाटते. राणीगंजजवळच्या या खाणीत १३ नोव्हेंबरच्या पहाटे, रात्रपाळी चालू असता, पाणी फुटले. बरेच कामगार वर येऊ शकले. ७१ खाली राहिले. पैकी सहा बुडाले आणि ६५ जण उंचवट्याच्या जागी जीव मुठीत धरून बसले. नेहमीच्या वाटा पाण्याखाली. येथे जसवंतसिंग गिल या खाणअभियंत्याने ठरविले की, जी वाट मारते तिने जावयाचेच नाही. वरून सरळ भोक पाडावयाचे. एका छिद्रातून अन्न व निरोप खाली पोहोचत होते, तोवर सुमारे २२ इंच रुंदीचे दुसरे छिद्र पाडले गेले आणि त्यातून जाईल असा पोलादी पिंजरा जवळच्या कारखान्यात तयार करविण्यात आला. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १९५५ मध्ये जर्मनीतील डाल्बुश खाणीत याहूनही अरुंद नळीतून तिघांस वर काढले होते, आणि १९६३ मध्ये लेंगेडे येथे अकरा जणांस. परंतु भारतात ती कोणी केली नव्हती, आणि भोकाच्या भिंती ढासळणार नाहीत असे कोणी सांगू शकत नव्हते.

१६ नोव्हेंबरला, उजाडण्यापूर्वी, त्या पिंजऱ्यात पहिला उतरला तो गिल स्वतः. खाली ६५ माणसांनी एकाच वेळी त्या एका माणसाच्या पिंजऱ्याकडे धाव घेतली असती तर सारेच संपले असते. यास्तव वरून हुकूम देणे पुरेसे नव्हते; रांग लावणारा खाली असावयास हवा होता. एकेक करून ६५ जण वर गेले. यास सुमारे सहा तास लागले, आणि तोपर्यंत गिल खालीच होता. सर्वांनंतर तो वर आला. १९९१ मध्ये राष्ट्रपतींनी त्यास सर्वोत्तम जीवन रक्षा पदक दिले. २०१९ मध्ये तो वारला. त्याच्यावर निघालेला बोलपट २०२३ च्या ऑक्टोबरात प्रकाशित झाला, आणि महिना उलटून थोडे दिवस होतात तोच उत्तरकाशीजवळ सिलक्यारा येथे बांधकाम चालू असलेला बोगदा ढासळून ४१ मजूर आत कोंडले गेले.

तेथे सतरा दिवस लागले. मोठमोठी यंत्रे आली. आडवे भोक पाडणाऱ्या यंत्राचे पाते शेवटच्या दहा-बारा मीटरांवर आत अडकून तुटले. ते उरलेले अंतर ज्यांनी हातांनी खोदले, ते उंदराच्या बिळाएवढ्या भोकांतून खोदकाम करणारे मजूर होते. ही पद्धत धोक्याची म्हणून हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये मेघालयात बंद करविली होती. तरी ती चालू राहिली, आणि १३ डिसेंबर २०१८ रोजी तेथील क्सान येथे अशाच एका बिळाच्या खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे उतरले, पंप आले, आठवडे गेले. दोघांचीच प्रेते वर आली. बाकीचे खालीच राहिले.