परसातला अडुळसा : कुंपणापासून खोकल्याच्या औषधापर्यंत

खोकला झाला की अडुळसा घ्यावा, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलेले असते. हे झुडूप आपल्याच मातीतले. परसात, विहिरीपाशी, मोठ्या झाडांच्या अर्धवट सावलीतही ते तग धरते. पावसाळ्यात फांदी खोचली तरी रुजते. पाने कडू असल्यामुळे गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून ते कुंपणाला लावत. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातला ‘अधातोडा’ हा शब्दही तमिळ नावावरून आला असून ‘शेळी शिवत नाही’ असा त्याचा अर्थ सांगतात.

संस्कृत वैद्यकग्रंथांत अडुळसा ‘वासा’ या नावाने येतो. खोकला, दमा आणि रक्त पडणे यांवर तो सांगितला आहे. अडुळसा असताना क्षयाच्या रोग्याने धीर सोडू नये, अशा अर्थाचे एक जुने वचनही आहे. क्षयावर खात्रीचा इलाज नव्हता, त्या काळात हा दिलासा फार मोठा होता.

रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी अडुळशाच्या पानांतून ‘व्हॅसिसिन’ हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले आणि १९६०च्या दशकात वापरात आले. ते घट्ट कफ पातळ करते. शरीरात त्यापासून तयार होणारे अँब्रोक्सॉल हेही पुढे स्वतंत्र औषध झाले. आजच्या खोकल्याच्या अनेक औषधांच्या बाटल्यांवर ही नावे दिसतील.

पण कफ सुटणे वेगळे आणि क्षयाचा जंतू मरणे वेगळे. जंतूवर खरा घाव घालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. आज अनेक औषधे एकत्र, ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतली की क्षय बरा होतो. काढ्यावर विसंबून महिने घालवले, तर मात्र फुप्फुसे खराब होतात आणि घरातल्यांनाही लागण होऊ शकते.

म्हणून अडुळसा अंगणात जरूर लावा, पण एवढे लक्षात ठेवा :

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात.
• गरोदरपणात अडुळसा घेऊ नका. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते.
• लहान मुलांना काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा.