एकास पस्तीस : रणगाड्यांच्या लघुप्रतिकृती आणि सप्टेंबर 1948

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, घासून, रंगवून लष्करी विमाने आणि रणगाडे यांच्या लघुप्रतिकृती तयार करणे हा छंद आपल्याकडे मूठभर शहरी घरांपुरताच राहिला. त्याची साधने महाग, बहुतेक परदेशी, आणि लागणारा वेळ तर परीक्षार्थी मुलांच्या पालकांना न परवडणारा. साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे असे की, गांभीर्याने केलेली प्रतिकृती हे इतिहासलेखनच असते. तिला पुरावा लागतो, पाठनिश्चिती लागते आणि काय वगळायचे याचा निर्णय घ्यावा लागतो. हे म्हणणे आम्ही आमच्या मराठवाड्याच्या संदर्भात तपासून पाहणार आहोत.

प्रथम प्रमाणाविषयी. विमानांच्या प्रतिकृतींत रूढ असलेले एकास बहात्तर हे प्रमाण इंग्रजी मोजमापातून आले : सहा फुटांना एक इंच. 1932 मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांच्या ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी संचांनी ते लोकप्रिय केले. पण त्याला खरी प्रतिष्ठा दिली ती युद्धाने. 1942 च्या आरंभी अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख विमान-प्रतिकृती करून घेण्याची योजना आखली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे नुसत्या आकृतीवरून ओळखण्याचा सराव सैनिकांना व्हावा, हा तिचा हेतू. त्या प्रतिकृती काळ्या रंगवीत, कारण दूरच्या विमानाची फक्त छायाच दिसते. युद्धानंतर ‘एअरफिक्स’सारख्या कंपन्यांनी हाच आकार प्लॅस्टिकमध्ये ओतून दुकानांत आणला. म्हणजे प्रवास खेळण्याकडून शस्त्राकडे आणि शस्त्राकडून पुन्हा खेळण्याकडे असा झाला. रणगाड्यांच्या एकास पस्तीस या प्रमाणाची कथा याहून गमतीची आहे. जपानमधील शिझुओका येथील ‘तामिया’ या कंपनीने 1960 च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा संच काढला. त्यात विजेची मोटार आणि बॅटरी बसली पाहिजे, म्हणून जो आकार सोयीचा पडला तोच पुढे जगभराचे प्रमाण झाला. ही कंपनी मुळात लाकूड कापण्याच्या धंद्यातली, हे सागवानी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा किनवटकरांना विशेष वाटते.

आपल्याकडे प्रतिकृतींची परंपरा नव्हती असे नाही. दिवाळीत अंगणात उभा राहणारा मातीचा किल्ला ही लष्करी वास्तूचीच प्रतिकृती. पण त्यात प्रमाण नावाची गोष्ट नसते. मावळा बुरुजाएवढा असतो, तोफ दरवाजात मावत नाही आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांहून मोठे असतात. तिथे आकार ठरतो तो आदराने. किनवट तालुका 1956 पर्यंत ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातील निर्मलचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधून, घासून, रंगवून पशुपक्षी आणि फळे करतात. कामाची रीत जवळपास तीच, मात्र तिथे नमुना असतो तो जातीचा : पोपट म्हणजे कोणताही पोपट. प्रमाणबद्ध लष्करी प्रतिकृतीला असा ‘कोणताही’ चालत नाही. तिला विशिष्ट पलटणीचा, विशिष्ट दिवसाचा, शक्य तर विशिष्ट क्रमांकाचा रणगाडा लागतो.

आता समजा, आमच्या भागातील एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले की, सप्टेंबर 1948 मध्ये सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या भारतीय फौजेतील रणगाडा करायचा. विषय घरचा आहे. 13 सप्टेंबरला ही फौज नळदुर्गजवळ बोरी नदीच्या पुलावरून संस्थानात शिरली आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचली. 17 तारखेच्या सकाळी बिदर हाती आले, त्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, आणि 18 तारखेला मेजर जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मोहिमेत अमेरिकी बनावटीचे ‘शर्मन’ आणि हलके ‘स्टुअर्ट’ रणगाडे होते. यापैकी ‘शर्मन’ करायचा असे ठरले, तरी खरी अडचण इथूनच सुरू होते.

‘शर्मन’ हा एक रणगाडा नव्हे. 1942 ते 1945 या काळात सुमारे पन्नास हजार नग निघाले आणि जो कारखाना, जे इंजिन हाताशी होते त्याप्रमाणे त्यांचे पाठभेद झाले. एकाचे कवच ओतीव आणि कडा गोलसर, दुसऱ्याचे पत्रे जोडलेले. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत भारतीय रिसाल्यांनी वापरला तो प्रामुख्याने ‘एम 4 ए 4’ हा प्रकार. 1945 मध्ये मेइक्टिलाच्या लढाईत उतरलेल्या रॉयल डेक्कन हॉर्सकडेही ‘शर्मन’ होते. (या रिसाल्याची वंशावळ निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि आमच्या शेजारच्या हिंगोलीत छावणी असलेल्या हैदराबाद कंटिंजंटपर्यंत जाते, हे जाता जाता.) ‘एम 4 ए 4’ मध्ये मोटारगाडीची पाच इंजिने एकत्र जोडून एक केलेली असत. त्यांना जागा हवी म्हणून सांगाडा लांबवला, आणि चाकांच्या जोड्यांमधले अंतर वाढले. साधा ‘शर्मन’ 5.84 मीटर लांब, हा 6.06 मीटर. एकास पस्तीस प्रमाणात हा फरक भरतो जेमतेम सहा मिलिमीटर. बाजारातला सोयीचा संच दुसऱ्याच प्रकाराचा असला, तर प्रामाणिक कारागीर करवत घेऊन सांगाडा कापतो आणि मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालतो. प्रदर्शन पाहणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णव जणांना ते कधीच कळणार नसते.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो, तेव्हा हेच सहा मिलिमीटर समजावून देण्याची धडपड करीत असतो. 1919 मध्ये आरंभ होऊन 1966 मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीपाठी हीच वृत्ती होती. खोक्यातला तयार संच म्हणजे प्रचलित छापील पाठ. तो वाचनीय असतो, सुबक असतो, आणि अनेकदा दोन परंपरांची सरमिसळ असतो. त्याच्या आवरणावरील चित्रही प्रमाण मानून चालत नाही, जुने छायाचित्र शोधावे लागते. ज्यांना प्रत्यक्ष पोलाद पाहायचे, त्यांना पूर्वीच्या अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे, 1994 मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे सुमारे पन्नास वाहने मांडली आहेत. हाताने वितळजोड चाचपता येतो, हा लाभ पोथ्यांच्या अभ्यासकालाही क्वचितच मिळतो.

विमानाचे तेच. हैदराबादच्या मोहिमेत हवाई दलाची ‘टेंपेस्ट’ विमाने होती. उमरग्यापुढे राजेश्वरच्या वाटेवर दबा धरलेल्या ठाण्यांवर त्यांनीच हल्ले केले. खेळण्यांच्या दुकानांत ‘टेंपेस्ट’ म्हणून ठळक दिसते ते पाचव्या श्रेणीचे, इंग्लंडवर येणारे जर्मन उडते बाँब पाडून नावारूपाला आलेले. भारताने घेतले ते दुसऱ्या श्रेणीचे. त्याचे इंजिन वेगळे, म्हणून नाकच वेगळे, गोल तोंडाचे. ते महायुद्ध संपताना तयार झाले, त्यामुळे त्याला युरोपात कीर्ती मिळाली नाही, आणि ज्याला कीर्ती नाही त्याचे संच कमी. पंखांवरचे चिन्हही असेच दिवस मागते. स्वातंत्र्यापूर्वीची वर्तुळे, नंतर काही काळ अशोकचक्र, पुढे केशरी-पांढरे-हिरवे. दलाच्या नावातले ‘रॉयल’ तर 26 जानेवारी 1950 पर्यंत टिकून होते. घाईने आजचे तिरंगी चिन्ह चिकटवणारा इतिहास सोपा करतो, एवढेच नव्हे, तो संस्थाने विलीन होत असतानाचा तो संदिग्ध काळच पुसून टाकतो.

रंगकामाचा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ डब्यातला हिरवा रंग छोट्या प्रतिकृतीवर तसाच दिला, तर तो गडद दिसतो. दूरची वस्तू फिकी दिसते, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. मग पातळ रंगाचे ओघळ फटींत सोडायचे, कोरड्या ब्रशाने कडा उजळायच्या, गंज आणि धूळ चढवायची. परदेशी पुस्तकांत चिखल असतो तो युरोपातील पिंगट, किंवा उत्तर आफ्रिकेची वाळू. आमच्या रणगाड्याला कोणता चिखल? सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याची अखेर. नळदुर्ग-उमरग्याची जमीन काळी, कपाशीची, चाकाला आणि टाचेला सारखीच धरून बसणारी. हुमनाबादच्या पुढे बिदर-जहिराबादचे पठार जांभ्या दगडाचे, माती तांबडी. म्हणजे साखळपट्ट्यांना लावलेला चिखल पाहून जाणता माणूस सांगू शकेल की, ही प्रतिकृती 13 तारखेची आहे की 16 तारखेची. आणि काळ्या थरावर तांबडा दिसला तर प्रवासही सांगू शकेल. आमच्या मातीवर जो नांगर धरतो, त्याला हे कोणत्याही परदेशी मार्गदर्शकाहून अधिक ठाऊक असते.

इथवर प्रतिकृती इतिहासाला मदत करते. पण तिची मर्यादाही याच मोहिमेत उघडी पडते. आमच्याकडे वडीलधारी माणसे या घटनेला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. रणगाड्यांची ब्रिगेड, तोफखाना आणि लढाऊ विमाने ज्यात उतरली त्या मोहिमेला पोलिसांची कारवाई म्हणणे ही भाषेने केलेली लघुप्रतिकृतीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दारात प्रश्न गेलेला असताना, हा दोन देशांमधला तंटा नव्हे, घरातला आहे, असे त्या शब्दाला सांगायचे होते. शब्दाने आकार लहान केला, आणि त्याबरोबर पुढचे बरेचसे दृष्टीआड झाले.

रझाकारांच्या काळाची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरला 1946 मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्या लढ्याचा विस्तृत इतिहास अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात नोंदवला. ते सारे आमच्या सभा-संमेलनांत सांगितले जाते आणि सांगितलेच पाहिजे. मात्र 1948 च्या अखेरीस केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीचा अहवाल फारसा सांगितला जात नाही. फौज पुढे गेल्यावर आणि कारवाई संपल्यावर मुस्लिम वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची त्यात नोंद आहे. किमान 27 ते 40 हजार माणसे मृत्यू पावली असावीत, असा समितीचा अंदाज. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे तिने नावानिशी दिले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते, उदगीर बिदरमध्ये. रझाकारांच्या अत्याचारांचाही अहवालात उल्लेख आहे. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याचेही आहे. तो कित्येक दशके प्रकाशित झाला नाही. आकड्यांबद्दल वाद घालता येईल, पण तो घालण्यासाठी आधी अहवाल वाचावा लागतो.

प्रतिकृतीच्या तंत्रात यासाठी जागा आहे का? छंदात ‘डायोरामा’ नावाचा प्रकार आहे : रणगाड्याभोवती रस्ता, झाड, भिंत आणि माणसे मांडून प्रसंग उभा करायचा. एकास पस्तीस प्रमाणात माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. संचांत मिळणारी माणसे सैनिक असतात, आणि नागरिक मिळालेच तर फ्रान्समधले शेतकरी. धोतर-मुंडाशातला कुणबी, बुरख्यातली बाई, शेरवानीतला तलाठी कोणत्याही खोक्यात नाही. ते पुट्टीने हाताने घडवावे लागतात. धोतराच्या निऱ्यांसाठी पातळ कागद पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, ओला असतानाच टाचणीने दुमडतात, आणि वाळल्यावर मळकट पांढरा देतात. एका माणसाला चार-पाच संध्याकाळी जातात, रणगाड्याच्या मनोऱ्याला लागतात जवळपास तेवढ्याच. अशी सात-आठ माणसे केली आणि उमरग्याच्या वेशीत उभी केली, की त्यांची तोंडे रणगाड्याकडे ठेवायची की गावाकडे, हे करणाऱ्यालाच ठरवावे लागते.